गाडीचे संतुलन आणि घाटाचा हिशेब

दोडामार्ग सोडून भेडशीमार्गे तिलारीचा घाट चढावा, पाटणे फाट्याला वेंगुर्ला–बेळगाव रस्त्याला लागावे आणि शिनोळी, बाची, तुरमुरी, सुळगा ही गावे मागे टाकत पुढे जावे, म्हणजे बेळगाव शहराच्या वेशीवरचे मोठे गाव हिंडलगा लागते. उत्तर गोव्यातील अनेक कुटुंबांना हा मार्ग पाठ आहे. कोणाची बहीण तिकडे दिलेली असते, कोणाची मुले बेळगावात शिकत असतात, तर कोणाला केवळ बाजार करायचा असतो. या एका प्रवासात गाडीची तीन वेगवेगळ्या प्रकारे परीक्षा होते. आधी किनारपट्टीचा वळणावळणाचा रस्ता, मग घाटाची उभी चढण आणि शेवटी पठारावरचा मोकळा, परंतु पावसाळ्यानंतर खड्ड्यांसाठी बदनाम झालेला रस्ता. परतताना हीच परीक्षा उलट्या क्रमाने होते, आणि त्या वेळी डिकीत भाजीच्या पिशव्या व कुंद्याचे डबे असतात, मागच्या आसनावर तीन माणसे असतात.

गेल्या पावसाळ्यात हिंडलग्याला राहणारा माझा भाचा या मार्गाने सहकुटुंब गोव्याकडे उतरत होता. त्याच्या छोट्या हॅचबॅक गाडीचे सस्पेन्शन त्याने नुकतेच हौसेने बदलून घेतले होते. स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी सुमारे ४० मिलिमीटर खाली बसवली होती आणि मागच्या बाजूला जाड अँटी-रोल बार लावला होता. घाटातील एका ओल्या वळणावर ब्रेक लावताच गाडीचा मागचा भाग अचानक बाहेर फेकला गेला आणि गाडी अर्धी फिरून डोंगराकडच्या चरात जाऊन टेकली. सुदैवाने ती दरीच्या बाजूला गेली नाही आणि कोणालाही इजा झाली नाही. रात्री घरी पोहोचल्यावर त्याने मला एकच प्रश्न विचारला, ‘‘मामा, गाडी आता वळणावर कलंडत नाही, अगदी चिकटून चालते असे मला वाटत होते. तुम्हीच सांगा, मग ती अशी का वागली?’’

हा प्रश्न केवळ त्याचा नाही. गाडी कडक केली की ती स्थिर होते, ही समजूत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. कडकपणा आणि संतुलन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो.

पुढच्या चाकांवर तिहेरी भार

इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना देण्याची पद्धत नवी नाही. फ्रान्समध्ये सित्रोएनची ‘त्राक्सिओं आवां’ ही गाडी १९३४ साली याच रचनेवर निघाली. १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांनी ब्रिटनमध्ये ‘मिनी’ घडवताना इंजिन आडवे बसवले आणि लहान गाडीत माणसांसाठी मोठी जागा कशी काढता येते हे दाखवून दिले. आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सामान्य भारतीय कुटुंबाच्या परिचयाची झाली. आज आपल्या अंगणातील बहुतेक हॅचबॅक आणि लहान सेडान याच प्रकारच्या आहेत.

या रचनेत इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांना फिरवणारे आस हे सर्व पुढे असतात. परिणामी रिकाम्या गाडीचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर येते. गाडी ओढणे, वळवणे आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलणे ही तिन्ही कामे पुढचे दोन टायर करतात. टायरची पकड मात्र मर्यादित असते. तिचा काही भाग ओढण्यात खर्च झाला की वळण्यासाठी कमी उरते. म्हणून अशी गाडी वळणावर वेगाने नेली असता प्रथम पुढून सरकते. आपण स्टिअरिंग फिरवतो, परंतु गाडी वळणाच्या बाहेरच्या कडेकडे ओढली जाते. कारखान्यातून निघालेल्या बहुतेक गाड्या मुद्दाम अशाच स्वभावाच्या ठेवलेल्या असतात. कारण गाडी पुढून सरकू लागली की सामान्य चालक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, वेग कमी होतो आणि गाडी पुन्हा ताब्यात येते. याउलट मागचा भाग घसरू लागला तर तो सावरण्यासाठी सराव लागतो आणि वेळही फार थोडा मिळतो.

हौशी चालकाला मूळ गाडीचा हा पुढून सरकण्याचा स्वभाव सुस्त वाटतो. तो कमी करावा ही इच्छा चुकीची नाही. मात्र तो किती कमी करावा आणि कशाच्या बदल्यात, याचा विचार आधी व्हायला हवा.

भाराची बेरीज बदलत नाही, वाटणी बदलते

वळण घेताना गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते. किती सरकते, हे स्प्रिंग ठरवत नाही. गाडीचे वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधील रुंदी आणि वळणाचा वेग या चार गोष्टी ते ठरवतात. समजा, गाडी १००० किलोची आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे, चाकांमधील अंतर दीड मीटर आहे आणि वळणावर गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या इतका बाजूचा ओढा पडतो आहे. अशा वेळी सुमारे १६७ किलो भार आतून बाहेर जातो. स्प्रिंग मऊ असो वा कडक, हा आकडा जवळजवळ तेवढाच राहतो. कडक गाडी कमी कलंडताना दिसते, म्हणून भार कमी सरकला असे वाटते, एवढेच.

सस्पेन्शनच्या हातात उरते ती या १६७ किलोंची पुढच्या आणि मागच्या चाकांतील वाटणी. जी बाजू कलंडण्याला जास्त विरोध करते, ती या सरकत्या भाराचा मोठा हिस्सा स्वतःवर घेते. येथे टायरचा एक गुणधर्म ध्यानात घ्यावा लागतो. टायरवरचा भार वाढला की पकड वाढते, परंतु भाराच्या प्रमाणात वाढत नाही. उदाहरणादाखल, ३१० किलो भार असलेला टायर २८० किलोचा बाजूचा जोर सहन करतो असे समजू. दोन टायरचे मिळून ५६० झाले. आता १०० किलो भार एकावरून दुसऱ्यावर गेला, तर ४१० किलोचा टायर ३४५ आणि २१० किलोचा टायर २०० किलोचा जोर सहन करील. बेरीज ५४५ होते. एकूण वजन तेच असूनही पकड घटली.

म्हणजे ज्या बाजूवर भाराची अदलाबदल अधिक होते, त्या बाजूच्या दोन टायरांची एकत्रित पकड घटते. मागची बाजू कडक केली की अदलाबदलीचा मोठा वाटा मागे जातो, पुढच्या चाकांची पकड तुलनेने वाढते आणि गाडी चटकन वळते. घाटाच्या चढणीवरील अरुंद वळणातून बाहेर पडताना आतले पुढचे चाक कमी घसरते, हाही लाभ होतो. जाड मागच्या बारची ख्याती यामुळेच आहे, आणि ती खोटी नाही. पण पुढची पकड जी वाढलेली दिसते, तिची किंमत मागची बाजू मोजत असते.

ही किंमत किती झपाट्याने वाढते, तेही पाहावे. अँटी-रोल बारचा कडकपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरचा बार घेतला, तर डोळ्यांना फरक जाणवत नाही, परंतु कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. बहुतेक लहान गाड्यांमध्ये मागे स्वतंत्र बार नसतोच. दोन्ही मागची चाके एका पिळल्या जाणाऱ्या आडव्या बीमने जोडलेली असतात आणि तो बीमच बारचे काम करतो. फोक्सवॅगनने १९७४ साली ‘गोल्फ’मध्ये ही रचना वापरली आणि पुढे ती जगभर रुळली. अशा बीममध्ये आणखी एक बार बसवणे म्हणजे आधीच्या बारवर दुसरा चढवणे होय.

चढणीला एक संतुलन, उतारावर दुसरे

भाच्याची गाडी चढताना उत्तम चालत होती. उतरताना तिने दगा दिला. कारण साधे आहे. घाट चढताना गाडीचे काही वजन मागे सरकते आणि मागची चाके रस्त्याला दाबून धरतात. उतरताना ते पुढे सरकते. बाराला एक अशा उतारावर १००० किलोच्या गाडीचे साधारण १७ किलो वजन केवळ उताराने पुढे जाते. त्यात मध्यम जोराचा ब्रेक लावला, तर आणखी सुमारे ६० किलो पुढे जाते. रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांवर मुळात ३८० किलो असतील, तर ते ३०० वर येतात. म्हणजे मागच्या चाकांवरचा भार पाचव्या हिश्शाने कमी झाला. त्याच क्षणी वळण असेल, रस्ता ओला असेल आणि जाड बारामुळे उरलेल्या भाराची अदलाबदलही मागेच जास्त होत असेल, तर मागच्या टायरांजवळ राखीव असे काहीच उरत नाही.

मागे माणसे आणि सामान असेल तर मागचा भार वाढतो, मग गाडी सुरक्षित व्हायला नको का, अशी शंका येईल. भार वाढतो हे खरे. पण त्याच भाराने मागची बाजू खाली बसते. कापलेल्या स्प्रिंगांमुळे आधीच ४० मिलिमीटर खाली आलेल्या गाडीत चाकाला वर जाण्यासाठी फार थोडी जागा उरते. समजा, मूळ गाडीत ही जागा ८० मिलिमीटर होती. निम्मी स्प्रिंग कापताना गेली, उरलेल्या निम्म्यातील मोठा भाग तीन माणसांनी आणि सामानाने घेतला. वळणावर बाहेरचे चाक वर सरकले, त्यात एक खड्डा आला आणि शॉकअपच्या दांड्यावरील रबरी थांब्यावर गाडी आदळली. त्या क्षणी स्प्रिंग संपते आणि ती बाजू एकाएकी दगडासारखी कडक होते. सरकणारा भार एका झटक्यात मागच्या बाहेरच्या टायरवर येतो आणि टायर सुटतो. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे होते. गाडी ‘चिकटून चालते’ असे त्याला वाटत होते, कारण ती कलंडत नव्हती. पण कलंडणे ही चालकाला मिळणारी पूर्वसूचना असते, आणि त्याने तीच काढून टाकली होती.

गाडी खाली बसवण्याचा छुपा तोटा

बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असतो. अमेरिकन अभियंते अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाची ही रचना फोर्ड कंपनीच्या गाड्यांतून १९५०च्या सुमारास रूढ झाली. ती स्वस्त, आटोपशीर आणि टिकाऊ आहे. मात्र तिची भूमिती ठरावीक उंचीसाठी बेतलेली असते. मूळ उंचीवर चाकाला धरणारा खालचा आर्म साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी बरीच खाली आणली की तो चाकाकडे चढता होतो. त्यामुळे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलंडते, तो बिंदू गाडीपेक्षाही अधिक खाली जातो. गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर खाली आला, पण हा बिंदू त्याहून जास्त खाली गेला, तर गाडीला कलंडवणारी तरफ लहान होण्याऐवजी लांब होते. शिवाय वळणावर बाहेरचे पुढचे चाक आपली कड टेकवून झुकू लागते आणि टायरची पूर्ण रुंदी रस्त्याला लागत नाही. म्हणजे ज्या पुढच्या पकडीसाठी हा खटाटोप केला, तीच कमी होते.

रस्त्याचा विचारही हवा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या शिफारशीनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्या गावांतील किती गतिरोधक या मापाचे आहेत, ते प्रत्येकाने आपल्या गाडीच्या तळाला विचारावे. साधारण हॅचबॅकचा तळ जमिनीपासून १६५ ते १७० मिलिमीटर असतो. त्यातून ४० वजा झाले आणि वर पाच माणसे बसली की तळ आणि शिफारशीच्या मापाचा गतिरोधक यांच्यात काही अंतर उरत नाही.

स्प्रिंग कापणे हा याहूनही वाईट मार्ग आहे. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहाची पाच वेटोळी केली की ती २० टक्के कडक होते. पण कापलेले टोक खालच्या बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात पूर्ण लोंबले की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. वेटोळ्यांत रबरी बफर अडकवून गाडी उंच करण्याची पद्धत याच्या विरुद्ध टोकाची आहे. बफरने काही वेटोळी निकामी होतात, उरलेल्यांवर जास्त ताण येतो आणि शॉकअपला न पेलणारा उसळता कडकपणा तयार होतो. पूर्ण भरलेली गाडी खाली बसते म्हणून अनेक जण मागे असे बफर लावतात. त्याआधी मागचे स्प्रिंग थकले आहेत का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे.

आधी दुरुस्ती, नंतर सुधारणा

पाच-सहा वर्षे वापरलेल्या गाडीचा चालक जेव्हा ‘गाडी वळणावर विश्वास देत नाही’ असे म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तिला नवे काही नको असते, जुने पूर्ववत हवे असते. म्हणून खर्चाचा क्रम टायरपासून सुरू व्हावा. रस्त्याशी गाडीचा संबंध चार तळहातांएवढ्या जागेतूनच येतो. कायद्याने टायरची खोबणी किमान १.६ मिलिमीटर असावी लागते, परंतु कोकणपट्टीच्या पावसासाठी ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बदलावा, हे बरे. चारही टायर एकाच प्रकारचे असावेत. दोनच नवे घ्यायचे असतील, तर ते मागे लावावेत आणि मागचे अर्धवट झिजलेले पुढे आणावेत. गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून नवे टायर पुढे लावण्याचा आग्रह धरला जातो. पण पुढचा टायर घसरू लागला तर स्टिअरिंगमधून जाणवते, मागचा घसरतो तेव्हा कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

हवेच्या दाबासाठी चालकाच्या दाराजवळच्या खांबावर तक्ता चिकटवलेला असतो. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरचा दाब बहुधा वेगळा दिलेला असतो. घाट उतरण्यापूर्वी तो पाळणे हा सस्पेन्शनमधला बिनखर्चाचा बदल आहे.

त्यानंतर रबरी बुश, लोअर आर्मचे बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि स्ट्रटच्या माथ्यावरील बैठक तपासावी. बुश सैल झाला की ब्रेक लावताना चाकाची दिशा स्वतःहून बदलते. अशा गाडीला कितीही महागडे शॉकअप लावले तरी ती सरळ उभी राहणार नाही. शॉकअब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, यांचे काम स्प्रिंगपेक्षा वेगळे आहे. स्प्रिंग वजन तोलते, शॉकअप तिची उसळी शोषून उष्णतेत घालवतो. गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडला आणि तो दोन-तीन वेळा हेलकावला तर शॉकअप निश्चित संपलेला आहे. मात्र ही चाचणी अगदी निकामी झालेलाच शॉकअप दाखवते, अर्धवट थकलेला नाही. अंगावर तेलाचा ओघळ, गतिरोधकानंतर रेंगाळणारे हेलकावे, टायरवर ठिकठिकाणी पडलेले खोलगट डाग या खुणाही पाहाव्यात. शॉकअप जोडीनेच बदलावेत.

मग व्हील अलाइनमेंट. मापाचा कागद मागून घ्यावा आणि डाव्या-उजव्या आकड्यांतील फरक पाहावा. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा झिजत असतील, तर गाडी वळणावर पुढून सरकते आहे किंवा चाकांची दिशा बिघडली आहे, असे समजावे.

सुधारणेचा क्रम

एवढे झाल्यावरही अधिक नेमकी गाडी हवी असेल, तर पहिला बदल चांगल्या प्रतीच्या, त्याच गाडीसाठी बनवलेल्या शॉकअपचा असावा. मूळ स्प्रिंगसह ते बसवले, तर उंची बदलत नाही, चाकाची जागा कमी होत नाही आणि उसळी मात्र आवरली जाते. बहुसंख्य कुटुंबांनी येथेच थांबावे, असे माझे मत आहे.

दुसरा बदल स्प्रिंगचा. तो केल्यास त्याच गाडीसाठी तयार केलेला पूर्ण संच घ्यावा, केवळ पुढचा किंवा केवळ मागचा नव्हे, आणि शॉकअप त्याला जुळणारे असावेत. आरामशीर गाडीचा कोपरा सेकंदाला सुमारे एक ते दीड हेलकावा घेईल, अशा मापाच्या स्प्रिंग असतात. स्प्रिंग २० टक्के कडक केली की हा वेग सुमारे १० टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढा फरक पाठीला जाणवतो. आपल्या रस्त्यांसाठी याहून पुढे जाण्यात अर्थ नाही. उंची कमी करायचीच असेल, तर ती १५-२० मिलिमीटरच्या आत ठेवावी.

तिसरा आणि शेवटचा बदल मागच्या बारचा. तो बसवायचाच असेल, तर आधीच्या सर्व गोष्टी ठीक झाल्यावर आणि उपलब्ध मापांपैकी सर्वांत बारीक निवडून बसवावा. वर्षाचे चार महिने पाऊस झेलणाऱ्या गोव्यात आणि आंबोली, चोर्ला, अनमोड, तिलारी हे घाट नेहमी उतरणाऱ्या गाडीत तो नसलेलाच बरा. पुढच्या दोन स्ट्रटना जोडणारी दांडी बोनेट उघडल्यावर शोभून दिसते, पण धडधाकट आधुनिक गाडीत तिचा प्रत्यक्ष उपयोग थोडाच.

ज्या गाड्यांत घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, त्यांच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती यंत्रणा मूळ सस्पेन्शनच्या वर्तनावर बेतलेली असते. ती पकडीची मर्यादा ओलांडणारी गाडी काही अंशी सावरते, पण नवी पकड निर्माण करू शकत नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या तपशिलापेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका अधिक स्पष्ट केली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. थकलेला शॉकअप किंवा स्प्रिंग त्याच मापाच्या भागाने बदलणे ही दुरुस्ती होय. गाडीची उंची व रचना बदलणे हा वेगळा विषय आहे, आणि त्यात हात घालण्यापूर्वी वाहतूक कार्यालयात विचारणा करावी. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. दोन राज्यांच्या सीमा ओलांडून नित्य प्रवास करणाऱ्याने तर हा धोका पत्करूच नये.

भाच्याच्या गाडीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. आम्ही चारही मूळ मापाच्या स्प्रिंग पुन्हा बसवल्या, जाड बार काढला, चारही शॉकअप आणि पुढचे बुश नवे घेतले, मागचे झिजलेले टायर बदलले. गाडी आता वळणावर थोडी कलंडते. वेग जास्त झाला तर पुढून किंचित सरकून चालकाला वेळीच सांगते. नवरात्रात तो पुन्हा त्याच घाटाने, त्याच माणसांसह खाली आला. रस्ता ओलाच होता. त्या वळणावर त्याने वळण्याआधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक लावला, दुसरा गिअर टाकला आणि वळणात पाय शांत ठेवला. मागच्या आसनावर त्याची आई झोपली होती. दोडामार्ग येईपर्यंत तिला जाग आली नाही.